खुलासा : जमिनीखालची इंधनटाकी ‘फक्त धुऊन’ कापता येत नाही

‘बंद पंपाची टाकी पाण्याने धुवा, भंगारवाला गॅस कटरने कापून फुकट नेईल’ असा मेसेज सोलापुरात फिरतोय. कृपया तो पुढे पाठवू नका, हे जिवावर बेतणारं आहे.

धुतल्यावरही गंजाच्या पापुद्र्यात आणि तळाच्या गाळात पेट्रोल उरतं. कटरची आच लागली की त्याची वाफ होते. हवेत सुमारे दीड टक्का वाफही स्फोटाला पुरते. डिझेलची टाकीही तापल्यावर तशीच वागते. म्हणूनच पेट्रोलियम नियम, 2002 नुसार सक्षम व्यक्तीने तपासून वायुमुक्त दाखला (टाकीत पेटू शकणारी वाफ उरलेली नाही, असं लेखी प्रमाणपत्र) दिल्याशिवाय अशा टाकीवर आगीचं काम करता येत नाही.

कंत्राटदाराला काम देण्याआधी विचारा : दाखला कोण देणार? वाफ आणि ऑक्सिजन मीटरने तळाशी, मध्ये, वर मोजणार का? फक्त झाकणाशी मोजून भागत नाही, वाफ हवेपेक्षा जड असते. गाळ घातक कचरा आहे. तो नेणाऱ्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आहे का? आपल्या काळ्या मातीत खड्ड्याच्या कडा ढासळतात, त्यांना आधार कसा देणार? पावसाळ्यात तर खड्ड्यात पाणी साचून रिकामी टाकी वर तरंगते.

मेसेज आलेल्या ग्रुपवर हाच खुलासा टाका.