चूक त्यांची आणि पुरावे आम्ही गोळा करायचे?

डोकं फिरलंय. कोल्हापूर महापालिकेचं घरफाळ्याचं, म्हणजे घराच्या कराचं, बिल आलंय ते गेल्या वर्षाच्या तिप्पट, आणि का, तर आमच्या घराचा पुढचा सोपा, म्हणजे बाहेरची खोली, म्हणे दुकान आहे. दुकान! आई तिथं मशीनवर बसून साड्यांना पिको-फॉल करते. खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेली हातभर पाटी आहे, 'पिको फॉल करून मिळेल', त्यातली निम्मी अक्षरं उन्हानं उडालीत. गल्लीतल्या बायका दुपारच्या येतात, साडी टाकतात, जरा टेकतात आणि जातात. ना शटर, ना काउंटर. संध्याकाळी मशीन भिंतीला सरकवलं की त्याच जागेत आम्ही जेवायला बसतो आणि रात्री अण्णा तिथंच गादी टाकतात.

सर्व्हेवाला आला तेव्हा आई दारातच उभी होती. कोण पाहिजे म्हणून तिनं विचारलं तर 'काय नाही मावशी, सर्व्हे चाललाय' म्हणाला, रस्त्यावरनंच पाटीचा मोबाईलवर फोटो काढला आणि पुढं गेला. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. दोन मिनिटं आत आला असता तर कॉट, देवघर, दोरीवरचे कपडे सगळं दिसलं असतं की. पण नाही, एक फोटो, वापर 'व्यापारी', दर वेगळा आणि वर रोजगार हमी कर, जो राहत्या घराला लागतच नाही. लावताना ह्यांना एक फोटो पुरला. काढायचा म्हटल्यावर मात्र अर्ज, बिलाची झेरॉक्स, मागच्या पावत्या, लाईट बिल, प्रॉपर्टी कार्ड, आधार, आणि हे सगळं झाल्यावर प्रतिज्ञापत्र. लाईट बिल घरगुती दराचं आहे, मीटर घरगुती आहे, वीजवाल्यांना कळतंय हे घर आहे, तेच बिल ह्यांच्या टेबलावर ठेवलं तर 'ते वेगळं खातं आहे हो'.

प्रतिज्ञापत्राचा मजकूर ठरलेला. 'सदर जागेत कोणत्याही प्रकारचा व्यवसाय चालत नाही.' स्टॅम्प 500 चा घ्या म्हणतात, वर टायपिंग आणि नोटरीचे वेगळे. ते पैसे पण सोडा एकवेळ. आईनं तो कागद वाचला आणि म्हणाली, अरे मी साडीमागं पैसे घेते की, चालत नाही म्हणून सही कशी करू? घरफाळा ऑफिसात खुर्चीतल्या माणसाला हे सांगितलं तर तो काय म्हणाला माहितीये? 'मावशी, पाटी काढा, मशीन आतल्या खोलीत ठेवा, फोटो काढून आणा, मग बघू.' माझ्या आईला तोंडावर सांगतोय की खोटा फोटो काढून आण! जिनं त्या मशीनवर दोन पोरांची शिक्षणं केली, जिनं कधी फाळा थकवला नाही, पावत्या सालवार दोऱ्यात ओवून ठेवल्यात. घरबसल्या साडी शिवणारी बाई आणि मेन रोडवरचा शोरूमवाला ह्यांच्यामध्ये तुमच्या सिस्टीममध्ये तिसरा रकाना नाही, ही आमची अडचण आहे का?

आणि आता ज्याच्यावरनं मी खरा पेटलोय ते सांगतो, पोच. अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून द्या म्हटलं तर 'पोच कशाला पाहिजे, मी आहे की इथं'. मागनं लाईन वाढत होती, मला शिरोलीला शिफ्टला जायचं होतं, तरी मी म्हटलं पाहिजेच, तर 'शिक्का आवक-जावकला असतो'. आवक-जावकला गेलो तर तिथली बाई म्हणाली आधी टेबलवरनं सही आणा. टेबलवर परत आलो तर 'साहेब फिरतीवर गेलेत, अर्ज ठेवून जा, काळजी करू नका'. ठेवून आलो. नंतर चौकशीला गेलो तर खुर्चीत दुसराच माणूस, पहिल्याची बदली झालेली, आणि हा आरामात कपाटातला एक गठ्ठा वर-खाली करून मला म्हणतो, 'तुमचा अर्जच नाही आमच्याकडं.' नाही म्हणजे? मी तुमच्याच टेबलावर ठेवून गेलोय! 'पोच दाखवा.' पोच दाखवा म्हणे! जी पोच तुम्ही मागून दिली नाही ती आता दाखवा! आवाज चढला माझा, मुद्दाम सांगतो, चढलाच. तर बाकीचे माझ्याकडं बघायला लागले जणू मीच काहीतरी गुन्हा केलाय, आणि आतनं एकजण आला आणि म्हणाला 'बिल आधी भरा, हरकत नंतर घेता येते, नाहीतर शास्ती लागंल'.

शास्ती माहितीये मला. महिन्याला 2 टक्के, म्हणजे वर्षाला 24. कुठल्या बँकेत एफडीला मिळतात एवढे? ह्यांच्या चुकीच्या रकमेवर, ह्यांनी अर्ज हरवल्यामुळं लागलेल्या उशिराचं व्याज आम्ही भरायचं. कोर्टात जावा म्हणतात, तर महापालिका अधिनियमाचं कलम 406 वाचलंय मी, अपील 15 दिवसांच्या आत, आणि मागितलेली रक्कम आधी भरून. म्हणजे तिथंही आधी पैसे टाका.

पैसे टाकून मिळतंय काय ते तरी बघा. आमच्या गल्लीत पाण्यासाठी रस्ता उकरला, मग ड्रेनेजला उकरला, मग कुठल्यातरी केबलला, आणि खडी टाकून गेले ते अजून तशीच आहे, पावसाळ्यात अण्णा त्याच्यावर पडले. थेट पाइपलाइनचं पाणी काळम्मावाडी धरणातनं यायचं होतं, वर्षानुवर्षं ऐकलं, शेवटी 2023 च्या दिवाळीला आलं, आणि आजही आमच्याकडं नळ आला की बायका हातातलं काम टाकून पळतात, कारण किती वेळ राहील सांगता येत नाही. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटाला, धोक्याच्या पातळीला, गेलं की पेठेतल्या खालच्या अंगाच्या लोकांचं सामान माळ्यावर. 2019 ला गेलं, 2021 ला परत गेलं, तेव्हा कुठं होता हा सर्व्हेवाला आणि त्याचा मोबाईल? कोपऱ्यावरचा लाईट बंद आहे हे सांगायला गेलं तर तो खांब कुणाच्या हद्दीत येतो ह्याच्यावरच चर्चा. तक्रार करायची तर कुणाकडं? नोव्हेंबर 2020 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षं कारभार प्रशासकाच्या हातात. नगरसेवक कसाही असू दे, निदान सकाळी त्याच्या दारात जाऊन उभं राहता येत होतं, 'भाऊ, चला माझ्याबरोबर' म्हणता येत होतं. त्या पाच वर्षांत टेबलवाल्यांना जी सवय लागली ना उत्तर न द्यायची, ती आता सुटत नाही.

आणि पोच देणं ही काही मेहरबानी नाही. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 चा आहे. अर्ज घेतला की पोच द्यायची, त्याच्यावर नंबर, तारीख आणि किती दिवसांत काम होणार ते लिहून द्यायचं, असं कायद्यात आहे. फाळ्यावर हरकत नोंदवणं ही त्याच्या सेवांच्या यादीत आहे. वेळेत काम केलं नाही तर 500 ते 5000 पर्यंत दंड त्या अधिकाऱ्याला. त्या ऑफिसात भिंतीवर ह्याचा बोर्ड लावलाय, त्याच्यापुढं स्टीलचं कपाट उभं केलंय, त्यामुळं निम्मा वाचताच येत नाही. मी कपाटाच्या फटीतनं फोटो काढून आणलाय.

आता मी तिथं एकटा जाणार नाही. वरच्या बोळातल्या शिकवणी घेणाऱ्या ताईंना असंच बिल आलंय, पापड-कुरड्या करून विकणाऱ्या काकींना आलंय, त्या काकींनी तर घाबरून निम्मे पैसे भरून पण टाकले. रस्त्यावर उतरून टोल घालवलेलं गाव आहे हे, आणि आम्ही एका शिक्क्यासाठी ह्या टेबलावरनं त्या टेबलावर फिरायचं? येत्या रविवारी तालमीत बसतोय. ज्यांच्या राहत्या घराला व्यापारी फाळा लागलाय त्यांनी बिल, मागच्या वर्षीची पावती आणि लाईट बिल, तिन्हीच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन या. अर्ज मी टाइप करून ठेवतो. प्रत्येकाचा वेगळा अर्ज, एक प्रत स्पीड पोस्टानं जाणार, दुसरी हातानं द्यायची, आणि आवक नंबर पडल्याशिवाय कुणी खिडकी सोडायची नाही. प्रतिज्ञापत्राचा मजकूर पण बदलून घ्यायचाय, 'राहत्या घरात स्वतः शिवणकाम करते' असं खरं आहे ते लिहून, आणि तो घेत नसतील तर का घेत नाही ते लेखी द्या म्हणायचं. काकींना कुणीतरी आधी जाऊन सांगा, उरलेले पैसे सध्या भरू नका म्हणावं.