परातीतला अणू

लेकीच्या विज्ञान प्रदर्शनात तिचे 2 गुण कापले गेले. कापले माझ्यामुळे, असं ती आणि तिची आई म्हणतात.

विषय थॉमसनचा अणू, म्हणजे जे. जे. थॉमसन या शास्त्रज्ञाने अणूच्या आतल्या रचनेची केलेली कल्पना. पुस्तकात त्याला प्लम पुडिंग म्हटलंय. आमच्या मालवण तालुक्यात पुडिंग कुणी खाल्लंय? बरं, त्या पुडिंगात प्लम नसतातच म्हणे, मनुके असतात. पण पर्याय म्हणून कलिंगडही दिलंय, तेवढी दया. लाल गर म्हणजे धनप्रभार (पॉझिटिव्ह चार्ज), बिया म्हणजे इलेक्ट्रॉन, अणूतले ऋणप्रभाराचे कण. अर्धं कलिंगड परातीत ठेवलं. चित्रात बिया कशाही विखुरलेल्या, म्हणून उरलेल्या अर्ध्यातल्या काढून मी मधल्या मोकळ्या गरात खुपसल्या. रात्री साडेअकराला. (प्रकल्प मुलांचा असतो, हे शाळेला कोणीतरी सांगा.)

लेक लाजून रिक्षेने पुढे गेली. मी परात मांडीवर घेऊन एसटीत. धामापूरला एक आजी शेजारी येऊन बसली.

"ह्यां काय रे?"

"अणू, आजी."

"कोणाचो?"

"थॉमसनचा. इंग्लंडचा होता."

"मगे कलिंगड आमचां कित्याक?"

याला उत्तर नव्हतं. ती वाकून बघत राहिली. "बियो गोल रांगेत आसतत रे बाबा. ह्यो मधल्यो कोणी खुपसल्यो?"

"मी."

"वायट दिसतत," म्हणाली, आणि तांदूळ निवडावेत तशी एकेक बी काढून खिडकीबाहेर टाकू लागली. मी परात ओढतोय, ती माझ्या हातावर चापट मारतेय, कंडक्टर हसतोय. चौके येईस्तोवर मधला भाग साफ. उतरताना वर टिचकी मारून, "कच्चां आसा!"

शाळेत बाई म्हणाल्या, "इलेक्ट्रॉन विखुरलेले हवेत, हे रांगेत आहेत." दोन गुण गेले.

घरी येऊन चिडून वाचत बसलो. थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडले 1897 साली, आणि 1904 च्या त्याच्या लेखात ते धनप्रभाराच्या गोळ्यात वर्तुळाकार कड्यांमध्ये फिरतात! म्हणजे आजी बरोबर, पुस्तकातलं चित्र ढिसाळ. तसं पाहता अख्खं प्रारूपच पुढे बाद झालं. मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या वर्खावर अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून निघणारे वेगवान धनप्रभारित कण) सोडले, त्यातले मोजके चक्क मागे फिरले, म्हणजे आत काहीतरी घट्ट होतं, आणि 1911 साली थॉमसनच्याच जुन्या विद्यार्थ्याने, रुदरफोर्डने, अणूच्या मधोमध केंद्रक, म्हणजे इवलासा घट्ट गाभा, मांडलं. सात वर्षांत मोडीत निघालेल्या वस्तूसाठी माझ्या लेकीचे गुण कापतात, आणि तेही चुकीच्या बाजूने!

बाईंना हे लिहून पाठवलं. उत्तर आलं, "पुस्तकाप्रमाणे."

परीक्षकांनी दुपारी धनप्रभार मीठ लावून खाल्ला, असं लेक सांगत होती. परात अजून शाळेतच आहे.