दिवसपाळीची सर्पराखण

खान्देशातल्या माणसाची सापाशी गाठ दोनच प्रकारे पडते: नागपंचमीला पाटावर काढलेल्या चित्रातून, नाहीतर कापसाच्या शेतात पायाजवळून सळसळत गेलेल्या धामणीतून. माझ्या वाट्याला निवृत्तीनंतर तिसरा प्रकार आला आहे. माझा मुलगा अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात राहतो. त्याच्या मुलाने गार्टर जातीचे दोन साप पाळले आहेत आणि त्यांच्यावर चोपड्यात बसून लक्ष ठेवण्याचे काम, कसलाही लेखी आदेश न निघता, माझ्याकडे सोपवण्यात आले आहे. त्यामागचा युक्तिवाद बिनतोड आहे: तिकडे रात्र असते तेव्हा इकडे दिवस असतो, आणि आबा तर घरीच असतात.

गार्टर साप हा उत्तर अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आढळणारा, अंगावर लांबीच्या दिशेने पिवळसर पट्टे असलेला, सडपातळ आणि माणसाला निरुपद्रवी असा प्राणी आहे. पूर्ण वाढ झाल्यावरही तो साधारणपणे 60 ते 90 सेंटिमीटरच भरतो. आम्ही पाठवलेले फराळाचे पुडके त्याच दिवशी फुटले असल्यामुळे नातवाने पट्ट्यांचा रंग पाहून या दोघींची नावे शेव आणि गाठी अशी ठेवली. हे साप दिवसा हिंडतात आणि रात्री निजतात. म्हणजे माझी पाळी सुरू होते तेव्हा पाहण्यासारखे सर्व काही संपलेले असते. सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत मी मोबाइलच्या पडद्यावर एक पोकळ ओंडका आणि एक पाण्याचे भांडे पाहत असतो. तरीही राखण हवीच, कारण या सापांचे डोके जेथून शिरते तेथून उरलेला सापही शिरतो, आणि काचपेटीच्या झाकणाला चिमटे लावायचे राहिले तर शेव रात्रीतून सुनेच्या कपाटात पोहोचू शकते. सुनेने हा कॅमेरा सापांच्या प्रेमापोटी बसवलेला नाही, एवढे येथे नमूद करतो.

खरी कसोटी तापमानाची आहे. पेटीच्या एका टोकाला दिवा लावून सुमारे 30 अंशांची ऊबदार जागा करायची, दुसरे टोक 22 ते 24 अंशांवर थंड ठेवायचे, म्हणजे साप आपल्या गरजेनुसार इकडून तिकडे सरकतो. साप स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करून ती टिकवू शकत नाही आणि ऊब मिळाली नाही तर त्याला अन्न पचत नाही. दिवा मर्यादेबाहेर तापू नये म्हणून त्याला थर्मोस्टॅट जोडलेला आहे. हे सारे मी आमच्या मातोश्रींना समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘सापले बी हिटर लागस का रे?’’ मे महिन्यात, बाहेर पारा 45 अंशांकडे निघालेला असताना, कूलरमधले पाणी संपलेले आणि वीज गेलेली अशा अवस्थेत, मिनेसोटातल्या दोन सापांना 24 अंश मिळत आहेत की नाहीत याची खातरजमा करणे हा चारित्र्याची परीक्षा पाहणारा अनुभव आहे. शिवाय वीज गेली की आमचे इंटरनेटही जाते. मग नातू सकाळी उठून विचारतो, ‘‘आबा, तुम्ही मध्येच का गेलात?’’

आहाराच्या बाबतीत या दोघींचे पथ्य माझ्या रक्तदाबाच्या पथ्याहून कडक आहे. गांडुळे, मासे आणि उंदरांची गोठवून वितळवलेली पिल्ले असा त्यांचा आहार असतो. मात्र गोल्डफिशसारख्या काही माशांत थायमिनेज नावाचे द्रव्य असते, ते शरीरातल्या बी-1 जीवनसत्त्वाचा नाश करते, आणि असे मासे सतत मिळाले तर सापाला झटके येऊन तो मरूही शकतो. म्हणून शेव आणि गाठी यांना ट्राउट मासा तुकडे करून देतात. मी स्वतः बी-कॉम्प्लेक्सची गोळी बायकोने हातावर ठेवल्याशिवाय घेत नाही. जेवताना दोघींना वेगळे करावे लागते, कारण एकाच गांडुळाची दोन टोके दोघींनी धरली तर पुढे कोण कोणाला गिळेल याचा भरवसा नसतो.

गांडुळांचा विषय निघताच आमचा सालदार खुलला. आमच्या केळीच्या बागेशेजारी गांडूळखताचा हौद आहे. त्यातली ओंजळभर गांडुळे पार्सलने धाडावीत, पोरगा खूश होईल, असा त्याचा प्रस्ताव होता. नातवाने तो एका वाक्यात फेटाळला. खतासाठी सर्रास वापरले जाणारे लालसर गांडूळ, म्हणजे आयसेनिया फेटिडा, डिवचल्यावर पिवळसर, दुर्गंधीयुक्त द्रव सोडते आणि गार्टर सापाला ते बाधते. त्याला जमिनीत खोल राहणारी मोठी गांडुळेच चालतात. आपला हौद विषारी ठरल्याचा सालदाराला फार राग आला. ‘‘मग आपणच एक धामण पाळू,’’ असे त्याने बाणेदारपणे सुचवले, तेव्हा 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तसे करणे गुन्हा आहे, हे मला त्याला सांगावे लागले.

एके दिवशी पहाटेच मुलाचा फोन आला. गाठीचे डोळे दुधी निळसर झाले होते आणि ती जेवत नव्हती. माझ्या पत्नीचे नुकतेच डोळ्याचे ऑपरेशन झालेले असल्यामुळे तिने पडद्याकडे पाहून तत्काळ मोतीबिंदूचे निदान केले. प्रत्यक्षात ती कात टाकण्याच्या बेतात होती. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही उतरतो. त्यासाठी ओलसर शेवाळ भरलेला एक डबा पेटीत ठेवला की काम भागते. सगळी पेटी ओली ठेवली तर पोटाखालच्या खवल्यांवर फोड येतात. कात अखंड उतरली, आणि पत्नीने निदान मागे न घेता ‘‘उतरला मोतीबिंदू’’ असे जाहीर केले.

आता तिकडे थंडी येत आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात, नार्सिस येथे, चुनखडीच्या भेगांत हजारो गार्टर साप एकत्र हिवाळा काढतात आणि वसंतात बाहेर पडतात, हे नातवाने वाचले आहे. पाळीव सापाला अशी शीतनिद्रा दिलीच पाहिजे असे नाही, पण नातवाचा हट्ट पुरा होणार आहे. आधी दोन आठवडे उपास, म्हणजे पोटात अन्न राहून कुजणार नाही, आणि मग 10 अंशांच्या आसपासच्या अंधाऱ्या पेटीत मुक्काम. शेव आणि गाठी दोन-अडीच महिने हलणार नाहीत हे ऐकून मी उत्साहाने पंढरपूरचे आरक्षण पाहू लागलो होतो. परवा मुलाचा निरोप आला की शीतपेटीतले तापमान चुकून वाढले तर घोटाळा होईल, म्हणून आतही एक कॅमेरा बसवला आहे, आणि तो अंधारातही स्पष्ट दिसणारा आहे.