शनिवार कानात गेला

तान्हा पोळा (पोरांचा, लाकडी बैलांचा) परवा झाला, पण माझ्या दोन बोटांचा गुलाबी रंग अजून गेला नाही. घोटीव कागदाचा आहे. श्रावणातल्या दमट हवेत या कागदाला माणसासारखा घाम फुटतो. ओसरीतली चुन्याची भिंतही गुलाबी झाली. बायको तिच्याकडे बघते, मग माझ्याकडे बघते.

झालं असं की शाळेच्या ग्रुपवर निरोप आला. राखीपासून तान्ह्या पोळ्यापर्यंत चौदा कड्यांची कागदी साखळी करा, रोज एक कडी तोडा, फोटो टाका. मुलांनी ‘स्वतः’ करायची होती म्हणे. पोरीने आकडे टाकले (त्यातला ७ उलटा), पोराने मैद्याची खळ चाखून पाहिली. उरलेलं ‘स्वतः’ रात्री अकरापर्यंत मी केलं. १८०६ साली नागपूरच्या दुसऱ्या रघूजी राजांनी लेकरांसाठी लाकडी बैलांचा पोळा सुरू केला असं सांगतात. त्यांना कोणी ग्रुपवर घेतलं नव्हतं, हे त्यांचं नशीब.

पहिला आठवडा मुंग्यांचा त्रास सोडला तर बरा गेला. रविवारी, १७ तारखेला, शेजारचे आबाजी चहाला आले.

“हे काय होय बे? बैलाची माळ?”

“नाही आबाजी. तान्ह्या पोळ्याला किती दिवस उरले, ते मोजायला.”

“मंग भितीवरचं कालनिर्णय कायले हाये?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. आबाजी उठले आणि काठीच्या टोकाने एकेक कडी मोजायला लागले. प्रत्येक कडीला काठी लागली की भिंतीवर नवा गुलाबी ठिपका.

“साहा. एक जास्त झाली.”

“पोळा शुक्रवारी, आबाजी. तान्हा पोळा शनिवारी. बरोबर सहाच.”

“अमावस्या कवा लागते?”

“शुक्रवारी.”

“बाराच्या सुमाराले. अन् सुटते कवा? शनिवारी साडेअकराले. म्हंजे शुक्रवार अन् शनिवार मिळून अमावस्या किती?”

“एक.”

“मंग एका अमावस्येले दोन कड्या कायले?”

मी पदवीधर माणूस. तालुक्याला जाऊन लोकांचे अर्ज तपासतो. तरी क्षणभर मला ते पटलं. तेवढ्यात आबाजींनी खालची कडी तोडली, तिची बारीक सुरळी केली आणि डोळे मिटून कान कोरायला बसले.

“बाबा,” पोरगा ओरडला, “आबाजीनं शनिवार कानात घातला!”

त्यानंतरची रडारड सांगत नाही. आबाजी मात्र समजावत होते, “सालगडी अख्खं साल पाडव्या ते पाडवा मोजते, त्याच्या घरी कोनती साखळी हाये रे?” आणि चहा अर्धाच मिळाल्याची तक्रारही करत होते.

घोटीव कागद संपलेला, दुकान बंद, लाइन गेलेली. मोबाइलच्या उजेडात मी एका जुन्या लग्नपत्रिकेतून शनिवार कापला. त्यावर सोनेरी अक्षरांत ‘श्रीकृपेकरून’ असं आलं, तेही उलटं.

खरं सांगू? आमच्या लहानपणी पोळ्याचे दिवस मोजावे लागत नसत. दुकानात बेगड दिसलं, गोठ्यात शिंगं रंगवायची घाई सुरू झाली, की कळायचं. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावून ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणायचे. यंदा आमच्या आळीत त्या आमंत्रणाला चार जोड्या होत्या. बाकीच्यांचे ट्रॅक्टर, त्यांना कुठले खांदे? गावात जित्या बैलांपेक्षा लाकडी जास्त झाले आहेत, आणि त्यांची वाट बघायला कागद लागतो. असो. हे ग्रुपवर लिहिता येत नाही, तिथे अंगठा द्यायचा असतो.

शनिवारी शेवटची कडी तुटली. फोटोत पोरं, पोरांचे लाकडी बैल, आणि बोलावलं नसताना मधोमध आबाजी, हातात ‘श्रीकृपेकरून’ घेऊन. पाच मिनिटांत मॅडमचं उत्तर आलं: “आजोबांनी घेतलेली मेहनत कौतुकास्पद!” खाली सतरा अंगठे, त्यात एक माझ्या बायकोचा.

आबाजींना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, जणू अपेक्षितच होतं.

“दिवाळीले लांब बनवजो,” ते म्हणाले. “पन मले इचारून. या साली ते बी अमावस्या दोन दिवस हाये, मी पाहून ठेवलं.”