आत्त्यानं इन्सुलिन बंद केलं, त्या मेसेजबद्दल

गेल्या आठवड्यात मंगळवार पेठेत आत्त्याकडं गेलो, तर इन्सुलिनचं पेन फ्रिजच्या दारात तसंच पडलेलं. चार दिवस टोचलंच नव्हतं. का म्हणून विचारलं, तर तिनं भिशीच्या ग्रुपवरचा मेसेज पुढं केला: "शुगरवाल्यांनो, आपलं आयुष्य किती ते स्वतःच ओळखा." उपाशीपोटी साखर १५० च्या आत असेल तर दवाखान्यात भरती व्हायची वेळच येत नाही, ३०० च्या वर गेली की पाच वर्षं उरली, इन्सुलिन लागलं की शेवट जवळ आला, डॉक्टर साखर खाली आणतात म्हणून माणसं दगावतात, आणि गूळ कितीही खा. हाच मेसेज मला ऑफिसातल्या तिघांनी पाठवला होता. तेव्हा मी गप्प बसलो, ते चुकलंच.

आधी इन्सुलिन. मेसेज म्हणतो, इन्सुलिन घेणारे जास्त मरतात. पण टाइप २ मध्ये, म्हणजे बहुतेकदा मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात, इन्सुलिन बहुतेकदा कुणाला लागतं? ज्यांचा मधुमेह जुना झालाय, गोळ्यांना दाद देत नाही, किडनी दुखावल्यानं काही गोळ्या चालत नाहीत, त्यांना. त्यांचा धोका आधीच वाढलेला असतो. २०१९ च्या महापुरात जिथं पाणी जास्त, तिथं बोटी जास्त होत्या. बोटींमुळं पूर आला असं शिरोळमध्ये कुणी म्हणालं नाही. १९२२ साली टोरांटोत माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी टाइप १, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनणंच जवळजवळ थांबतं तो मधुमेह, झालेली मुलं थोड्याच काळात दगावायची. आजही अशा मुलानं ते बंद केलं, तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साचतं, उलट्या, धाप, आणि मग आयसीयू. असा मेसेज एखाद्या मुलाच्या आईनं वाचला तर काय होईल, या विचारानं मला झोप लागली नाही. आत्त्याचा मधुमेह टाइप २, म्हणून निभावलं. तरी मीटरवर ३८० आलं, तोंडाला कोरड होती आणि रात्रीत पाच वेळा उठत होती.

आता तो १५० चा आकडा. एका सकाळच्या साखरेवरून भरती किंवा मृत्यूचा अंदाज बांधता येत नाही. स्वीडनच्या मधुमेह नोंदवहीतल्या २,७१,१७४ टाइप २ रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. त्यात पाच गोष्टी पाहिल्या: तीन महिन्यांची सरासरी साखर, रक्तदाब, वाईट कोलेस्टेरॉल, लघवीतलं अल्ब्युमिन (किडनी दुखावली की लघवीत उतरणारं प्रथिन) आणि धूम्रपान. ज्यांच्या पाचही गोष्टी आटोक्यात होत्या, त्यांचा मृत्यूचा धोका मधुमेह नसलेल्यांपेक्षा जेमतेमच जास्त निघाला. मृत्यूचा सगळ्यात ठळक इशारा होता धूम्रपान. मेसेजमध्ये विडी-सिगारेटचं नावही नाही, किडनीचं नाही, पायाच्या जखमेचं नाही. आणि असा अंदाज शंभर जणांत कितींना धोका, एवढंच सांगतो. अमक्या माणसाची वर्षं त्यातून मोजता येत नाहीत. आत्त्याची तीन वर्षांची फाइल चाळली, तर लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी एकदाही नाही.

साखर फार खाली आणण्याबद्दल मात्र मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, ते मान्य करावं लागतं. अमेरिका-कॅनडातल्या अकॉर्ड चाचणीत १०,२५१ रुग्ण होते. निम्म्यांची साखर औषधांनी जवळजवळ निरोगी माणसाइतकी खाली आणायचा प्रयत्न झाला. त्या गटात २५७ मृत्यू झाले, दुसऱ्यात २०३, आणि २००८ मध्ये तो जोरकस उपचार मुदतीआधीच थांबवला. म्हणून वयस्कर, हृदयाचा त्रास असलेल्या माणसाचं लक्ष्य थोडं सैल ठेवतात. पण त्या दुसऱ्या गटालाही औषधं चालूच होती.

गुळाचं काय सांगायचं? शाहू मार्केट यार्डातला कितीही चांगला असला तरी तो उसाचाच, आणि त्यात मुख्यतः साखरच.

डॉक्टरांशी फोनवर बोलून त्याच संध्याकाळी आत्त्यानं डोस घेतला. सोमवारी लघवीची तपासणी आहे. भिशीच्या ग्रुपवर तिनं स्वतःच टाकलं, "मी सुई परत चालू केली, तुमीबी कुणी बंद करू नगा."