घेवा जावयबापू, बांगडो!

कोकणात सासुरवाडी असलेल्या जावयाला लोक उगाच नशीबवान समजतात. मे महिन्यात गेलात तर असालही. जूनमध्ये जाऊन बघा. बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, मोठ्या मेव्हण्याची बोट किनाऱ्यावर झापांनी शाकारून ठेवलेली, आणि घरात ताजी मासळी न मिळाल्यामुळे पिसाळलेलं अख्खं खानदान. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. माशांच्या विणीचा हंगाम, त्यात दर्या खवळलेला, तेव्हा कायदा रास्तच आहे. पण या 61 दिवसांत मालवणातल्या माणसांनी संध्याकाळी करायचं काय, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. सुकट आणि सुके बोंबील किती दिवस पुरणार? आमच्या सासरी त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढलाय. खायला मासे नाहीत ना, मग खेळायला घ्यायचे. आणि माझ्याशी खेळायचे.

मी सोलापूरचा, त्यात शाकाहारी. "माझा माशांशी संबंध मत्स्यावतारापुरता," असं म्हणून मी पहिल्याच वर्षी अंग काढून घेऊ पाहिलं. सासऱ्यांना उलट आनंद झाला. "मग झालं तर! आमच्या सावंतवाडीच्या गंजिफ्यात मत्स्याचा वेगळा रंगच असतो," म्हणत त्यांनी दशावतारी गंजिफ्याचे दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते, एकूण 120 गोल पत्ते, असा सगळा हिशोब मला लाईट येईपर्यंत समजावला. मत्स्य आणि कूर्म मिळून चोवीस पत्ते पाण्यातले, म्हणजे खेळातला पाचवा हिस्सा मला आधीच येतो, असं त्यांचं म्हणणं.

प्रत्यक्षात त्यांच्याकडच्या खेळाचा गंजिफ्याशी काडीचा संबंध नाही. तो मूळचा 2004 सालचा जर्मन खेळ, झुरळांचा. बंगळूरला नोकरी करणाऱ्या मेव्हणीने तो आणला. झुरळ, उंदीर, पाल नाही पण बेडूक, विंचू, कोळी, वटवाघूळ, माशी, ढेकण्या असे आठ प्राणी, प्रत्येकाचे आठ पत्ते. सासूबाईंनी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलेले बघितले आणि "जेवतो थंय झुरळां? भायर टाक आधी ती!" म्हणून डबाच पडवीत भिरकावला. मग भाचीने तोडगा काढला. ती रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. धाकट्या मेव्हण्याच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका माळ्यावरच्या ट्रंकेत होत्याच. तिने आठ पत्रिका काढल्या, एकावर एक ठेवून कापल्या आणि कोऱ्या बाजूवर चित्रं काढली. पापलेट, सुरमई, बांगडा, मोरी म्हणजे छोटा शार्क, माकूल म्हणजे स्क्विड, कोळंबी, कुर्ली म्हणजे खेकडा आणि तिसरे म्हणजे शिंपल्या. चौसष्ट पत्ते तयार. मुलगी शिस्तीची. ही शिस्त पुढे मला महागात पडली.

खेळ सोपा आहे, असं सगळे सांगतात. हातातला एक पत्ता पालथा कुणापुढेही सरकवायचा आणि म्हणायचं, "बांगडा." खरं बोला, नाहीतर थाप मारा. समोरच्याने "खरं" किंवा "खोटं" म्हणून पत्ता उलटायचा. त्याचं बरोबर आलं तर पत्ता तुमच्या गळ्यात, चुकलं तर त्याच्या. ठरवता येत नसेल तर त्याने गुपचूप बघून पत्ता पुढच्याला ढकलायचा, वाटल्यास नाव बदलून. एकाच जातीचे चार ज्याच्यापुढे जमले तो हरला. गंमत म्हणजे या खेळात जिंकणारा कुणी नसतो, हरणारा मात्र एक असतो. आमच्याकडे तो कोण, हे पत्ते वाटण्याआधीच ठरलेलं असतं. हरणाऱ्याने आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसून दुसऱ्या दिवशीच्या आमटीचा नारळ खवायचा. इतर घरांत जावयाच्या हातात पाण्याचा ग्लास देतात.

"आई, ही सुरमई," असं म्हणून मी पत्ता अदबीने दोन बोटांनी सासूबाईंपुढे सरकवायचो. सासूबाई पत्त्याकडे बघत, मग माझ्याकडे, मग पुन्हा पत्त्याकडे. "खोटा," म्हणत आणि उलटत. माकूल निघायचं.

"आई, हे तिसरे." पत्त्याकडे एक नजर. "खरां."

मी खरं सांगू नाहीतर खोटं, त्यांना कळणारच. एकदा मी हातातला पत्ता न बघताच "कोळंबी" म्हणून ठोकून दिलं, म्हणजे काय आहे ते मलाच माहीत नव्हतं. "कुर्ली ती," म्हणाल्या. उलटली. कुर्ली.

"तुमका कळतां कसां?" असं एकदा मी मोडक्या मालवणीत विचारलंच. तर म्हणाल्या, "तुमचे कान लाल होतत, जावयबापू." मला हे पटलं. कारण मी त्यांना बाजारात बघितलंय. मासळी ताजी आहे का, असं त्या कोळणीला विचारतच नाहीत. कोळीण "सकाळचा म्हावरा, वहिनी!" म्हणत असते, तोवर यांचं बोट माशाच्या पाठीत रुतून बघतं, डोळा खोल गेलाय का ते पाहतं आणि कल्ला वर करून आतला लाल रंग तपासतं. मग पलीकडच्या टोपलीकडे बघत त्या निम्मी किंमत सांगतात. दोघी एकमेकींना थापा मारतात, दोघींना ते ठाऊक असतं, आणि तरी दोघी घरी समाधानाने जातात. माशाचे कल्ले बघावेत तसे या बाई आपले कान बघतात, असं मी धरून चाललो. मग जूनच्या उकाड्यात कानटोपी घालून खेळायला बसलो. तरी नारळ मीच खवला.

बाकीचे खेळतात तेही भांडतच. 2023 साली सरकारने पापलेटला राज्यमासा केलं, तेव्हापासून सासऱ्यांचा आग्रह, की पापलेटला काहीतरी मान हवा, चारऐवजी तीनच जमले तरी माणूस हरला पाहिजे. हा मान आहे की अपमान, यावर दोन संध्याकाळी गेल्या. मोठा मेव्हणा सुरमईचा कट्टर. आपण कर भरतो तरी सुरमईला कुणी विचारत नाही, असं त्याचं दुःख. भाचीने मध्येच समुद्रातल्या थापाड्यांवर व्याख्यान दिलं. माकूल डोळ्यांदेखत रंग पालटतं, केंड मासा संकट दिसलं की पाणी गिळून चौपट मोठा असल्याचा आव आणतो. "आत्या, तुझ्या नवऱ्याला यातलं एकही जमत नाही," असा तिने समारोप केला. बायको हसली. माहेरी आली की ती त्यांच्याच बाजूने असते.

फितुरी अखेर दुसरीतल्या भाच्याने केली, दोन आंबापोळ्यांच्या बोलीवर. मला पडवीत नेऊन, कापलेल्या पत्रिकांची छापील बाजू दाखवून तो म्हणाला, "काका, तुम्हाला वाचता येत नाही?"

मी वाचलं. बांगड्याच्या पाठीवर "आहेर आणू नये". सुरमईच्या पाठीवर "शुभमुहूर्त". पापलेटच्या पाठीवर गणपतीची अर्धी सोंड, आणि कुर्लीच्या पाठीवर "यायचं हं!" हे "आमच्या काकाच्या लग्नाला नक्की" या ओळीचं शेपूट, तिचं डोकं कोळंबीवर होतं. आठही पत्रिका एकाच मापात कापलेल्या आणि एका तुकड्यावर एकच मासा काढलेला. म्हणजे आठच्या आठ बांगडे पाठमोरे ओरडून सांगत होते, आहेर आणू नये! मी इतकी वर्षं "शुभमुहूर्त" सरकवून "हे तिसरे" म्हणत होतो, आणि पुरं घर गंभीर चेहऱ्याने विचार केल्यासारखं करून "खोटं" म्हणत होतं. माझे कान कधी लाल झालेच नव्हते.

"मग तुम्ही एकमेकांना कसे फसवता रे?"

"तळव्याखाली झाकून द्यायचा," तो म्हणाला. खरंच की. सगळे पत्ता तळहाताखाली दाबून सरकवतात. मला वाटायचं, कोकणात तशी पद्धत असेल. दोन बोटांनी अदबीने देणारा मी एकटा. आणि मला देताना ते झाकायचेही कष्ट घेत नसत, कारण मी पाठ कधी वाचलीच नाही.

त्या संध्याकाळी मी सुरुवातीला सूडाने खेळलो. सासऱ्यांनी "हे पापलेट" म्हटलं, मी "आहेर आणू नये" वाचून "खोटं!" म्हणालो. मेव्हण्याची सुरमई पकडली. बायकोची मोरी पकडली. टेबलाभोवती कुजबुज झाली. भाचा आंबापोळी लपवायला लागला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त चष्मा पुसला.

मग माझी पाळी आली. हातात "यायचं हं!" होतं. मी ते तळहाताखाली घट्ट दाबून त्यांच्यापुढे सरकवलं आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो, "आई, हा बांगडा."

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. पुढचा पत्ता मी न झाकता, दोन बोटांनी दिला, तो खरा होता. त्याच्या पुढचा झाकला. त्या प्रत्येक वेळी बरोबर. शेवटी चौथी कुर्ली माझ्यापुढे पडली, तेव्हा त्या भाचीला म्हणाल्या, "झाकलो काय खोटो, उघडो काय खरो. सोपा आसा गो."

यंदा भाची म्हणते, कुडाळला जाऊन छापील पत्ते करून आणते, सगळ्यांच्या पाठी सारख्या, वर प्लॅस्टिकचं आवरण. मी लगेच पैसे काढून दिले. सासूबाईंना मात्र ते मंजूर नाही. "तसल्या पत्त्यांत मेली मजा काय?" म्हणाल्या आणि माझ्या नोटा मोजून आपल्या बटव्यात ठेवल्या. "हे नारळाक होतले."