डाईकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवा

तेलाच्या टाक्यांच्या डेपोत डिझेल सांडू नये म्हणून काय करावं, हे मला गेल्या बुधवारी पहाटे साडेतीनला समजलं. गमबुटात डिझेल शिरलं तेव्हा. पाय अजून चुरचुरतोय. नवीन भरती झालेल्यांनो, लिहून घ्या.

ठिबकणाऱ्या फ्लँजखाली, म्हणजे पाइपांच्या जोडाखाली, पत्र्याचा डबा ठेवा. डबा भरला की मोठा डबा ठेवा. जोडातली गळती रोखणारी चकती, म्हणजे गॅस्केट, बदलायची तर इंडेंट म्हणजे मागणीचा कागद, तीन कोटेशनं, परमिट आणि सही करणारे साहेब नेमके रजेवर. डब्याला परमिट लागत नाही.

टँकरला होज जोडला की चहाला जा.

टाकी भरत आल्याचा, हाय लेव्हलचा अलार्म सारखा वाजतोय? गप्प करा. इंग्लंडात बन्सफील्डच्या तेल डेपोत डिसेंबर 2005 मध्ये टाकीतली पातळी दाखवणारा गेज एकाच आकड्यावर चिकटला, वरचा शेवटचा स्विचही चालला नाही आणि पेट्रोल टाकीच्या डोक्यावरून वाहत राहिलं. रविवारी पहाटे स्फोट. पण ते इंग्लंड. तिकडची माणसं जरा निष्काळजीच.

आता डाईक. टाकीभोवतीची ती भिंत शोभेसाठी असते. सर्वांत मोठी टाकी पूर्ण रिकामी झाली तरी तेल आतच मावावं वगैरे फक्त ट्रेनिंगला सांगतात. पावसाळ्यात आत पाणी साचतं, ते सोडायला भिंतीबाहेर व्हॉल्व्ह असतो. पुस्तकातली पद्धत अशी: पाण्यावर तवंग नाही ना बघा, व्हॉल्व्ह उघडा, तिथेच उभे राहा, पाणी गेलं की बंद करा. आपली पद्धत सुटसुटीत. उघडा आणि डबा खायला जा. जेवून आलात की पाळी बदलायची वेळ होतेच. लॉगबुकात 'ऑल नॉर्मल' लिहा. पुढच्याला तोंडी काही सांगू नका, त्याची बस चुकेल. नाही, तुमची चुकेल. आणि रजिस्टरात व्हॉल्व्ह बंद केल्याची वेळ आधीच टाकून ठेवा. 18:40. किती सुबक अक्षर होतं, मी टॉर्चच्या उजेडात वाचलं. व्हॉल्व्ह तेव्हा पूर्ण उघडा होता आणि त्या डब्यावरच्या फ्लँजची गॅस्केट, जिला आम्ही तीन महिने डबे पाजत होतो, ती फाटली होती. भिंतीने सगळं आत धरलं असतं. शेवाळलेली असली तरी भिंत शाबूत होती. पण खालून भोक आपणच उघडं ठेवलं होतं. डिझेल नाल्यात, नाल्यातून खाडीत.

जयपूरचा तेल डेपो आठवतो का कुणाला? 29 ऑक्टोबर 2009. लाईन जोडताना हॅमर ब्लाइंडमधून, म्हणजे लाईन बंद ठेवणाऱ्या झडपेतून, पेट्रोल उसळलं आणि तासाभराहून जास्त वाहत राहिलं. तिथेही डाईकचा व्हॉल्व्ह उघडा होता, पेट्रोल पावसाच्या गटारात गेलं. 11 माणसं गेली. आग 11 दिवस. ट्रेनिंगला ती स्लाइड आली की सगळे मोबाईल बघतात, कारण त्यानंतर जेवण असतं.

सकाळी गेटवर खाडीतला एक म्हातारा कोळी आला. भांडला नाही. जाळं पुढे केलं आणि म्हणाला, "साहेब, वास घ्या." सिक्युरिटीने त्याला व्हिजिटर पास आहे का विचारलं.

अरे, लाज कशी वाटत नाही? हाताने फिरवायचं चाक आहे ते. त्याला ना बजेट लागत, ना कोटेशन. पाच मिनिटं पावसात उभं राहायचं होतं, रेनकोट कंपनीचाच आहे. आणि साहेब, तुम्हीसुद्धा! गॅस्केटचा इंडेंट तुमच्याच टेबलावर पडलाय, वर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलंय. बुधवारनंतर पहिली मीटिंग झाली ती सेफ्टी वीकच्या बॅनरवर आणि तेल सांडलं की चूक लपवायची कशी यावर. गॅस्केटचा विषयच निघाला नाही.

आज रात्रपाळी माझीच आहे. त्या व्हॉल्व्हला साखळी आणि कुलूप घातलंय, माझ्या पैशाने. किल्ली माझ्या खिशात आहे. मागायला याल तेव्हा पाणी संपेपर्यंत उभं राहणार का, ते आधी सांगा. नसाल तर जा, जेवून या.